गिधाडांची पंगत

लहानपणी माहेरी ओढ्यापलीकडे मेलेली जनावरं टाकत. आम्ही पोरी नाक दाबून गिधाडांची पंगत बघायचो. बघता बघता नुसता सांगाडा उरायचा! परवा गेले, तर तिथे दुर्गंधी आणि भटकी कुत्री. आई म्हणाली, "कित्येक वर्षांत एक गिधाड दिसलं नाही गं."

कारण आपल्याच गोठ्यात होतं. दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचलेलं जनावर लगेच दगावलं, तर औषध मांसात राहतं. ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं शंभरातली नव्याण्णवहून जास्त संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. पण मादी वर्षाला एकच अंडं घालते. भर निघणार कधी?

मागच्या महिन्यात आमची म्हैस लंगडली. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला दिलेलं इंजेक्शनच मेडिकलमधून आण की." मी ऐकलं नाही. डॉक्टरांना विचारून मेलोक्सिकॅम दिलं. ते गिधाडांना बाधत नाही. म्हैस बरी झाली, सासूबाईंचा रुसवाही गेला.

मैत्रिणींनो, गोठा आपणच सांभाळतो ना? मग टोचण्याआधी औषधाचं नाव विचाराच!