एका ‘ओ’चा हिशेब

माल पोहोचण्यास विलंब झाला, की पेढीवरून ग्राहकाला दिलगिरीचे इंग्रजी पत्र जाते. ‘आपल्यासारखा जुना ग्राहक आम्ही गमावू इच्छित नाही,’ असे त्यात लिहायचे असते. परंतु ‘गमावणे’ या अर्थाच्या ‘लूझ’ या क्रियापदात एकाऐवजी दोन ‘ओ’ पडतात आणि वाक्याचा अर्थ होतो, ‘आम्ही आपल्याला मोकळे सोडू इच्छित नाही!’

हे दोन शब्द मुळातच भिन्न आहेत. एल-ओ-एस-ई म्हणजे गमावणे किंवा हरणे. याचा उच्चार ‘लूझ’. अखेरीस झेडचा ध्वनी. एल-डबल ओ-एस-ई म्हणजे सुटा, सैल. याचा उच्चार ‘लूस’. अखेरीस एसचा ध्वनी. हा दुसरा शब्द प्रामुख्याने विशेषण आहे. ‘बंधनातून सोडणे’ या अर्थी तो क्रियापदही होतो, पण तसा वापर आता क्वचितच आढळतो. ‘सैल करणे’ यासाठी ‘लूसन’ हे वेगळे क्रियापद आहे.

आपल्याकडे या चुकीचे एक कारण दुकानातच सापडते. सुट्या तेलाला, सुट्या चहाला आपण ‘लूज’ म्हणतो. हा उच्चार ‘लूझ’च्या जवळचा असल्याने कानाला दोन्ही शब्द एकच वाटतात. दुसरे कारण इंग्रजीचे स्वतःचे आहे. ‘निवडणे’ या अर्थाच्या ‘चूझ’मध्ये दोन ‘ओ’ असतात. मग त्याच्याशी यमक जुळणाऱ्या ‘लूझ’मध्येही ते असावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय दोन्ही शब्द कोशात असल्याने संगणकाचा स्पेलिंग तपासनीस बहुधा गप्प राहतो.

व्यापाऱ्याला हा भेद लक्षात ठेवण्यास हिशेबाची पत्रकेच साहाय्य करतात. नफा-तोटा पत्रकातील ‘लॉस’ हे नाम. त्यात ‘ओ’ एक आणि ‘एस’ दोन. ‘लूझ’ हे त्याच घरातील क्रियापद, म्हणून त्यातही ‘ओ’ एकच. त्याचे भूतकाळी रूप ‘लॉस्ट’, तेथेही एकच. ‘लूझिंग’ लिहिताना अखेरचा ‘ई’ गळतो, ‘ओ’ मात्र वाढत नाही. याउलट कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ३ नुसार ताळेबंदात मालसाठ्याखाली ‘लूस टूल्स’, म्हणजे सुटी अवजारे, दाखवतात. तेथे दोन ‘ओ’च योग्य. दागिन्यात न जडवलेल्या सुट्या हिऱ्यांनाही हाच शब्द लागतो. थोडक्यात, जे सुटे आहे पण आपल्याजवळ आहे, त्याला दोन ‘ओ’. जे हातून गेले, त्याला एकच.

बिलात एक शून्य अधिक पडले, तर ते ग्राहकाच्या हाती जाण्यापूर्वी दुरुस्त केले जाते. पत्रातील अधिकच्या ‘ओ’कडेही तितक्याच दक्षतेने पाहावे. दूरच्या ग्राहकाला पेढी दिसत नाही. त्याला दिसते ते पेढीचे पत्र.