थॉरच्या हातोड्यावरचं इंग्रजी

अनोळखी लिपीतली ओळ समोर आली की आधी ती वाचायची नसते, मोजायची असते. वेगवेगळी चिन्हं किती, कोणतं सारखं सारखं येतं, कोणतं लागोपाठ दोनदा. माझ्यासमोर होती नॉर्स देव थॉरच्या हातोड्याची, म्हणजे म्योल्निरची, दुकानात मिळणारी प्रतिकृती. कडेने कोरलेली अक्षरं सगळी उभ्या-तिरक्या रेघांची. आडवी रेघ एकही नाही. उत्तर युरोपातल्या जुन्या रून लिपीची ही खरी खूण. लाकडावर आडवी रेघ त्याच्या धाग्यांत हरवते, म्हणून कोरणारे ती टाळत. म्हणजे नक्षी काढणाऱ्याने निदान तक्ता तरी पाहिला होता.

जुन्या रून मालिकेत 24 चिन्हं. ती शेजारी ठेवून एकेक अक्षर उतरवत गेले आणि लवकरच संशय आला. ‘थ’ला या लिपीत स्वतंत्र चिन्ह आहे, काट्यासारखं. इथे मात्र ‘ट’चं चिन्ह आणि त्याला खेटून ‘ह’चं. हे तर रोमन टी आणि एच! पुढच्या एका शब्दात ‘स’ची जोडी एकदा नव्हे, दोनदा. खरे रून कोरणारे असं जोडअक्षर सहसा एकाच चिन्हात उरकत. तो शब्द निघाला इंग्रजी ‘पझेस’. मग बाकीचं आपोआप सुटलं. ऑगस्ट 1962च्या ‘जर्नी इंटू मिस्टरी’ या कॉमिकच्या 83व्या अंकात थॉर पहिल्यांदा आला, तेव्हा हातोड्यावर होतं तेच वाक्य: लायक असेल त्याला थॉरचं सामर्थ्य मिळेल, अशा अर्थाचं. स्पेलिंगसकट.

उलगडलं, पण जरा फुकटात उलगडल्यासारखं वाटलं. खऱ्या वायकिंग काळात 24 चिन्हं राहिलीच नव्हती, 16 उरली होती. ‘क’ आणि ‘ग’ एकाच चिन्हात, ‘ट’ आणि ‘ड’ही तसेच. संदर्भावरून ठरवायचं. आपल्या मोडी लिपीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. मोडी कागदांवर डोळे शिणवलेल्यांना ही कसरत ठाऊक आहे. सिनेमा-कॉमिकवाल्यांना ती परवडत नाही, कारण त्यांचं कोडं चाहत्यांना सुटायलाच हवं असतं.

खरा लेख असलेला थॉरचा हातोडाही आहे. डेन्मार्कमधल्या लोलंड बेटावर 2014 मध्ये तो सापडला: दहाव्या शतकातला, गळ्यात घालायचा, अक्षरं जेमतेम 3 ते 7 मिलिमीटरची. असे हातोडे उत्तर युरोपात हजारभर मिळाले होते, पण रून अक्षरांचा हा पहिलाच. डॅनिश राष्ट्रीय संग्रहालयाच्या लिस्बेथ इमर यांनी तो वाचला. सामर्थ्य नाही, लायकी नाही. लिहिलंय फक्त ‘हा हातोडा आहे’. तेही ‘हामार’मधला पहिला स्वर गाळून. पण हे ताईत खरंच हातोडे आहेत की दुसरंच काही, यावर अभ्यासकांत वाद होता. तो या चुकलेल्या शब्दाने मिटवला.