मी आलो, मी आले

मराठीतल्या ‘मी’ला लिंग नाही; पण मागून येणारं क्रियापद ते बहुधा उघड करतं. ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ यांच्या मधे उभं राहायला जागा नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला स्वतःबद्दल तासभर बोलूनही ही गोष्ट गुलदस्त्यात ठेवता येते. तिकडचा सर्वनामांचा वाद आहे तो इतरांनी आपल्याला काय म्हणावं याचा. आपल्याकडे पेच त्याआधीच पडतो: मी मला काय म्हणू? इंग्रजीतला वाद जसाच्या तसा उचलून मराठीत मांडणाऱ्यांच्या हातून नेमकं हेच निसटतं.

व्याकरणात आडोसे मात्र बरेच आहेत. ‘मी जाईन’, ‘मी जाणार’, ‘मला वाटतं’ यांतून काही कळत नाही. सकर्मक भूतकाळ तर फारच गमतीचा. ‘मी भाकरी खाल्ली’ यातलं क्रियापद भाकरीचं लिंग सांगतं, खाणाऱ्याचं नाही. ‘मी जात आहे’ या छापील रूपातही बोलणारा झाकलेला राहतो. तेच तोंडी ‘जातोय’ किंवा ‘जातेय’ झालं की झाकण उडालं. ‘आम्ही गेलो’ बायकाही म्हणतात, पुरुषही म्हणतात. समोरच्याशी बोलताना ‘तू आलास’ की ‘तू आलीस’ हे ठरवावं लागतं, पण ‘तुम्ही आलात’ म्हटलं की प्रश्नच मिटला. आदर दाखवला की लिंग विचारावं लागत नाही, अशी ही सोय. (पाठीमागे ‘ते आले’ की ‘त्या आल्या’ हे उरतंच.)

पण भविष्यकाळात आणि भाकरीच्या आडून माणूस किती बोलणार? उठलो, दमले, घाबरलो, रडले, वाचलो. जिवाशी निगडित असलेली बहुतेक क्रियापदं अकर्मक आहेत, आणि तिथे लपता येत नाही. ‘आलो’ म्हणायची सवय लावलेल्या एखादीच्या तोंडून घरात पहिल्यांदा ‘आले’ निघतं, तेव्हा तिने वेगळं काही जाहीर करायची गरज उरत नाही.

म्हणून व्याकरणच माणसाची ओळख घडवतं असं मात्र म्हणता येणार नाही. कोल्हापूर-सांगलीकडे बायका-मुली सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. शेजारच्या कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाही. त्या शेजाराचा हा परिणाम मानला जातो. पुण्या-मुंबईत या बोलण्याची थट्टा होते, तरी या बायकांना पुरुष कुणी समजत नाही. गोव्याच्या कोंकणीत ‘चेडूं’ नपुंसकलिंगी, म्हणून मुलगी ‘आयलें’. मालवणीत ती ‘इला’. संस्कृतात बायकोसाठी ‘भार्या’ स्त्रीलिंगी, ‘कलत्र’ नपुंसकलिंगी आणि ‘दार’ चक्क पुल्लिंगी, तोही बहुवचनी! शरीराच्या खुणांवरून शब्दाचं लिंग लावू गेलं की खाट आणि झाडापाशी अडतं, हे पतंजलीने महाभाष्यात केव्हाच दाखवून ठेवलं आहे.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. फारसीत ‘तो’ आणि ‘ती’ दोघांना मिळून एकच ‘ऊ’ आहे. ती भाषा बोलणाऱ्या इराणमध्ये समलिंगी संबंधांना मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे, आणि खोमेनींच्या १९८०च्या दशकातल्या फतव्यामुळे लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेला परवानगीही आहे. सर्वनामाचा यातल्या कशाशीच संबंध नाही. फिनिश भाषेत ‘हॅन’ सर्वांना चालतं. शेजारच्या स्वीडनने तसंच ‘हेन’ रुळवलं. २०१२मध्ये एका बालपुस्तकावरून त्यावर मोठा वाद पेटला आणि २०१५मध्ये स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत ते दाखल झालं. मराठीला असं सर्वनाम उसनं आणून भागणार नाही. त्याला शोभेसं क्रियापद कुठून आणायचं? तिसरं लिंग घरातच आहे खरं, पण ‘ते’ आपण लेकराला लाडाने म्हणतो किंवा ‘ते येडं’ असं तुच्छतेने. मोठ्या माणसाने स्वतःसाठी ते का घ्यावं?

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात यल्लम्मा देवीला सोडलेला आणि साडी नेसणारा पुरुष ‘जोगता’ असतो, जोगतीण वेगळी. नेसणं बदललं तरी नाम पुल्लिंगीच राहिलं. २०१२मध्ये तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं आत्मकथन आलं, ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’. एका ‘मी’पुढे पुल्लिंगी नाम, दुसऱ्यापुढे स्त्रीलिंगी, आणि क्रियापद एकही नाही. मराठी आत्मचरित्रांच्या नावांत इतकी नेमकी योजना मला दुसरी आठवत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४मध्ये स्वतःचं लिंग स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. त्याआधी २०११च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीला ‘इतर’ हा पर्याय आला होता. देशभरातून ४,८७,८०३ नोंदी झाल्या, महाराष्ट्रात ४०,८९१. पण प्रगणक घरातल्या एखाद्याला विचारून सगळ्यांची माहिती भरतो. घरच्यांनी ज्याला ‘तो’ म्हटलं, तो पुरुषांतच मोजला गेला असणार. आणि देशातल्या त्या ‘इतर’ नोंदींपैकी ५४,८५४ मुलं सहा वर्षांपर्यंतची होती. त्यांच्या वतीने बोलणारं तर नक्कीच दुसरं कुणीतरी होतं.