विष मोडणारी सूक्ष्म भुकटी

बोर्डो मिश्रण करणाऱ्या बागाईतदारांस मोरचूद व चुना यांची ओळख नव्यानें करून द्यावयास नको. त्यांच्याच पाहण्यांत हेंहि असेल कीं, सेंद्रिय स्फुरदयुक्त कीटकनाशकें चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थांत मिसळूं नयेत, अशी ताकीद असते. कारण उघड आहे. अल्कामुळें विषाचे रेणू फुटतात व औषध निकामी होतें. फवारणीच्या वेळीं जो दोष, तोच विष सांडलें असतां गुण ठरतो. अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानाच्या विद्यापीठांत प्रो. केनेथ क्लाबुंडे व त्यांचे सहकारी यांनीं या जातीच्या धातु-ऑक्साइडांची विष मोडण्याची शक्ति पुष्कळ वाढविली.

चुना म्हणजे कॅल्शियमचा ऑक्साइड. त्याचा भाऊबंद जो मॅग्नेशियमचा ऑक्साइड, त्याचे सुमारें चार नॅनोमीटरांचे स्फटिक त्यांनीं तयार केले. मिलिमीटराचे दहा लक्ष भाग केले असतां त्यांतील एक भाग तो नॅनोमीटर. इतकें बारीक करून काय साधतें? क्रिया घडते ती कणाच्या पृष्ठभागावर. पोटांतला माल बहुतेक निरुपयोगी राहतो. बाजारी भुकटीच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग एखाद्या खोलीच्या जमिनीएवढा, तर या भुकटीच्या एका ग्रॅमचा सुमारें ५०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पांच गुंठे! शिवाय अशा कणांस कडा व कोपरे फार असतात आणि विषाची फोड तेथें जोरानें होते. पॅराथिऑन शरीरांत गेल्यावर त्याचें पॅराऑक्सॉन हें उग्र विष बनतें. तेंहि ही भुकटी नेहमींच्या उष्णतामानांत शोषून मोडते व त्याचे अवशेष आपल्याशींच धरून ठेवते.

२००२ सालीं याच मंडळींनीं जंतुनाशाचे प्रयोग प्रसिद्ध केले. भुकटीनें क्लोरीन किंवा ब्रोमीन शोषून धरलेलें होतें. जंतूंवर ऋण विद्युद्भार व कणांवर धन, त्यामुळें कण जंतूंस चिकटतात आणि त्यांचें आवरण फाटतें. एशेरिकिया कोलाय तर मेलेच, पण चिवट अशा बॅसिलसच्या बीजाणूंचाहि नाश झाला.

तथापि हें वाचून कोणीं भलती आशा धरूं नये. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-मजूर दगावले. रक्तांत भिनलेल्या विषावर ही भुकटी कांहीं उतारा नव्हे. जमिनींत टाकण्याचाहि मोह नको, कारण शेतास नत्र पुरविणारे जंतूहि जंतूच! तिच्या अंगचा दोष असा कीं ती हवेंतील ओल व कर्बवायु शोषून मरते, म्हणून ती डब्यांत घट्ट बंद ठेवावी लागते. उघड्यावर पडलेल्या कळीच्या चुन्याची गत आपणांस माहीतच आहे.

वखारींत असें कीटकनाशक सांडल्यास त्यावर पाणी ओतूं नये. हातमोजे घालून प्रथम कोरडी माती टाकावी, मग विरवलेला कोरडा चुना भुरभुरावा, आणि तें सर्व गोळा करून विहीर व ओढा यांपासून दूर खोल पुरावें. रिकामी बाटली धान्याच्या कणगीजवळ ठेवूं नये.