चूल आणि तिचे धुराडे

बालाघाटच्या डोंगरांत वसलेल्या बीड जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात भल्या पहाटे प्रवेश केला, तर छपराछपरांतून निळसर धूर वर चढताना दिसतो. दुरून पाहणाऱ्यास हे दृश्य मोठे रमणीय वाटते. परंतु त्याच धुरात बसून फुंकणीने जाळ फुलविणाऱ्या गृहिणीस ते तसे वाटत नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असते. 2016 साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे गॅसची शेगडी पुष्कळ घरांत आली, हे खरे. तथापि पऱ्हाटी आणि तुराट्या शेतात फुकट मिळतात, टाकी भरून आणावयास मात्र पैसे पडतात. म्हणून अनेक घरी भाकरी आणि अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच होते.

चूल ही वस्तू तशी साधी. मातीच्या तीन भिंती, पुढे सरपण सारावयास तोंड, वर भांडे टेकावयास खुंट आणि उरलेली धग वाया जाऊ नये म्हणून शेजारी वैल. ज्या स्त्रीने प्रथम वैलाची युक्ती काढली, ती खरोखर मोठी रचनाकार होय. परंतु तिचे नाव कोठेही नोंदलेले नाही. या चुलीत एकच मोठा दोष आहे. जाळाला वारा पुरेसा मिळत नाही, त्यामुळे लाकडातून निघणारे वायू पूर्ण न जळता धूर होऊन घरात पसरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 साली घरातील अशा धुरामुळे जगात सुमारे 32 लाख माणसे दगावली.

सरकारने 1983 साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि लक्षावधी घरांत धुराड्याच्या चुली बसविल्या. हेतू उत्तम होता; पण धुराड्यात काजळी साचे आणि ते साफ करावयाचे तर छपरावर चढावे लागे. धुराडे तुंबले की धूर पुन्हा घरात. हा कार्यक्रम 2002 साली बंद झाला.

पुढे पुण्यातील काही रचनाकारांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. विजेच्या दिव्यांमुळे घरोघर ठाऊक झालेल्या फिलिप्स या डच कंपनीच्या रचना विभागात उन्मेष कुलकर्णी, प्रवीण मारेगुद्दी आणि त्यांचे सहकारी काम करीत होते. महागड्या यंत्रांना सुबक रूप देणे हे अशा विभागाचे नित्याचे काम. त्याने चुलीकडे वळावे, हीच कौतुकाची गोष्ट होय. त्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांत जाऊन स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांशी बोलणी केली, आणि ग्रामीण तंत्रज्ञानाचा दीर्घ अनुभव असलेल्या पुण्याच्या 'आरती' या संस्थेचे साहाय्य घेतले.

त्यातून जी चूल सिद्ध झाली, ती साच्यात ओतलेल्या सुट्या भागांची होती. हे भाग गावातल्या कारागिराला तयार करता यावेत आणि एखादा फुटला तर तेवढाच बदलता यावा, अशी योजना होती. एका जाळावर दोन भांडी चढत. वैलाचे तत्त्व येथेही सुटले नाही. खरी करामत धुराड्यात होती. आत आडव्या पट्ट्या बसविलेल्या असत; धूर त्यांवरून जाताना काजळी तेथेच धरली जाई, आणि त्या पट्ट्या घरात उभ्या उभ्याच काढून पुसता येत. छपरावर चढण्याचे कारण उरले नाही. 'सरल' आणि 'संपूर्ण' असे या चुलीचे दोन प्रकार होते. दुसऱ्यात वाफेवर अन्न शिजविण्याचीही सोय होती. कंपनीने हा आराखडा स्वतःपाशी न ठेवता चुली बनवू इच्छिणाऱ्या संस्थांना विनामूल्य खुला केला. 2009 साली डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे दिले जाणारे 'इंडेक्स' पारितोषिक या चुलीला गृहविभागात मिळाले.

एवढी गुणवान चूल बीडच्या एखाद्या घरी बसविली, तरी एक अडचण उरतेच. दसरा उलटला की येथील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन, कोयता बरोबर घेऊन, ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती बहुधा पाडव्याच्या सुमारास परततात. घराला कुलूप आणि चूल आत! इकडे कोपीपुढे तीन दगड मांडून पहाटेच्या अंधारात स्वयंपाक करावयाचा आणि उजाडण्यापूर्वी फडात पोहोचावयाचे.

याच फडातील पाचटाचा कोळसा करण्याची रीत 'आरती'ने शोधून काढली; तिला 2002 साली इंग्लंडचे ॲश्डेन पारितोषिक मिळाले. शिवाय त्या संस्थेने 'सराई' नावाचा एक कुकर तयार केला. सुमारे शंभर ग्रॅम कोळशावर त्यात पाच माणसांचा वरण, भात आणि भाजी होते. तो उचलून कोठेही नेता येतो, हा त्याचा मोठाच गुण.

मात्र सराईत भाकरी भाजता येत नाही, आणि ऊस तोडणाऱ्याचे पोट भाकरीवाचून भरत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांबरोबर चढेल, कोपीत मांडता येईल आणि जिच्यावर तवा तापेल, अशी चूल त्याच्या कुटुंबाला हवी आहे. तोवर कोपीपुढे तीन दगडच मांडले जातात.