६१ दिवसांत समुद्राचा तळ भरून येतो का?

आमचं घर हैदराबादच्या जामबागेत. इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी दर मे महिन्यात वसईच्या पाचूबंदरहून, माझ्या आजोळहून, सुक्या बोंबलांचं पार्सल येतं आणि त्या वासापुढे फुलबाजार दोन दिवस हरतो. यंदा पार्सल हलकं होतं. मामा फोनवर म्हणाला, "ट्रॉलरवाल्यांनी तळ खरवडून टाकलाय गं." मागून मामेभाऊ ओरडला, "काहीतरीच! ६१ दिवस बंदी असते ना, तेवढ्यात दर्या भरून येतो." मामाची बोट डोलीची, आणि मुलाला ट्रॉलरवर खलाशाचं काम मिळालंय. घरात अबोला आहे. खरं कोणाचं, हे बघायला मी वाचायला बसले.

आधी दोन जाळी समजून घेऊ. डोल म्हणजे खुंटांना किंवा नांगरांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं. ते जागीच असतं, भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर मासळी आत येते. ट्रॉल मात्र बोटीमागे ओढतात. दोन जड फळ्या त्याचं तोंड उघडं धरतात आणि खालचा वजनदार दोर तळाला घासत जातो, कारण कोळंबी तळाशीच सापडते.

पण तळाचा चिखल रिकामा नसतो. त्यात किडे, शिंपले, खेकडे बिळं करून राहतात. त्या बिळांतून पाणी खेळतं, प्राणवायू खाली पोचतो. मासळी याच जिवांवर जगते.

२०१७ साली वेल्समधल्या बँगोर विद्यापीठाचे यान हिडिंक आणि सहकाऱ्यांनी जगभरचे अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. फळ्यांचा ट्रॉल एकदा फिरला की सरासरी २.४ सेंटिमीटर खोल जातो आणि तळावरचे सुमारे ६ टक्के जीव नाहीसे होतात. ६ टक्के म्हणजे काहीच नाही, असं मलाही वाटलं. पण एकाच जागी लागोपाठ दहा फेऱ्या धरून पाहा, जवळजवळ निम्मे जीव जातात. आणि निम्म्यावर आलेला तळ ९५ टक्क्यांपर्यंत भरून यायला साधारण १.९ ते ६.४ वर्षं लागतात.

एवढा फरक का? कोण परत येतंय त्यावर ते ठरतं. छोटे, कमी आयुष्याचे किडे लवकर वाढतात. सावकाश वाढणारे मोठे शिंपले मागे राहतात. त्यांची पिल्लं प्रवाहाबरोबर शेजारच्या शाबूत तळावरून येतात. शेजारही खरवडलेला असेल तर येणार कुठून? विजयदुर्गसमोर खोल समुद्रात आंग्रिया बँक नावाचा प्रवाळांचा पट्टा आहे. अशा ठिकाणी ट्रॉल फिरला तर काही दशकंही पुरणार नाहीत.

मग मामेभाऊ चुकला? अर्धा. १ जून ते ३१ जुलैची बंदी पावसाळ्यात अंडी घालणाऱ्या मासळीसाठी आहे, खलाशांच्या जिवासाठीही. कोळंबी वर्षा-दीड वर्षात वाढते, तिला दोन महिन्यांचा उपयोग होतो. शिंपल्यांना तेवढे पुरत नाहीत.

मामाही अर्धाच बरोबर. वसईकडचा उथळ, चिखलाचा तळ पावसाळी लाटा एरवीही ढवळतात, तिथल्या जिवांना त्याची थोडी सवय असते. शिवाय डोलीच्या बारीक आसात कोवळी मासळीही अडकते. बोंबील कमी झाले याचा सगळा दोष ट्रॉलरवर टाकता येणार नाही.

मला पटलेलं एवढंच: दोन महिने सगळा समुद्र बंद ठेवणं चांगलं, पण त्यासोबत काही तुकडे वर्षानुवर्षं जाळ्याविना राहायला हवेत. बायबलमध्ये सातव्या वर्षी शेत पडीक ठेवायला सांगितलंय. ६.४ वर्षं हा आकडा वाचताना मला तेच आठवलं.

हे सगळं मी दोघांनाही लिहून पाठवलं. मामाने नुसता अंगठा दाखवला. मामेभाऊ १ ऑगस्टला निघतो. जाऊ नकोस असं मी म्हटलं नाही, घरावर कर्ज आहे. फक्त सांगितलंय, जाळं वर आलं की कोळंबी वेचल्यावर मागे काय काय उरतं, ते नीट बघ आणि मला कळव.