केस वाळवणे व बसवणे

न्हाल्यानंतर ओल्या केसांतील पाणी काढून त्यांना हवा तो आकार देण्याच्या क्रियेस केस वाळवणे व बसवणे असे म्हणतात. हे काम उन्हावाऱ्यात, पंचाने किंवा विजेच्या यंत्राने, घरी स्वतःच्या हाताने अथवा ब्युटी पार्लरमध्ये दुसऱ्याच्या हातून केले जाते. पार्लरमध्ये गरम हवेचा झोत व गोल ब्रश वापरून केस वाळवता वाळवताच बसवतात. त्यास 'ब्लो ड्राय' हे नाव रूढ आहे. दोन्ही ठिकाणी केसांत घडणारी प्रक्रिया एकच असते. फरक पडतो तो हात, वेळ आणि पाणी यांमुळे, आणि जालना जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण भागात यांतील शेवटची गोष्ट गौण मानता येत नाही.

केस का बसतात

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्यावर कौलांसारख्या एकमेकांवर आलेल्या सूक्ष्म खवल्यांचे आवरण असते. आतील प्रथिनांच्या साखळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी जोडलेल्या असतात. गंधकाचे बंध पक्के असून ते पाण्याने तुटत नाहीत. केस मूळचे सरळ की कुरळे हे बऱ्याच अंशी त्यांवर ठरते. हायड्रोजन बंध मात्र दुर्बळ असतात. केस भिजला की ते सुटतात आणि वाळताना केस ज्या स्थितीत धरलेला असेल त्या स्थितीत पुन्हा जुळतात. ओली वेणी घालून झोपल्यास सकाळी केसांना लाटा पडलेल्या दिसतात, त्याचे कारण हेच. पार्लरमधील ब्लो ड्राय म्हणजे याच क्रियेचे ताण व उष्णता देऊन घडवलेले जलद रूप होय. त्यामुळे ही रचना कायमची नसते. पुन्हा पाणी लागले किंवा हवेत दमटपणा वाढला की बंध सुटतात आणि केस मूळ वळणावर जातात.

हवा आणि पाणी

टेंभुर्णी हे जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील गाव आहे (सोलापूर जिल्ह्यातील याच नावाचे गाव वेगळे). येथील पाऊस प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो आणि उन्हाळ्यात हवा अतिशय कोरडी असते. अशा हवेत बसवलेले केस कोकण किंवा मुंबईच्या तुलनेने अधिक काळ टिकतात. कमरेपर्यंतचे केसही चैत्र-वैशाखात यंत्राविना लवकर वाळतात. यंत्राची खरी गरज भासते ती पावसाळ्यात, आणि बसवलेले केस लवकर मोडतात तेही तेव्हाच.

पाण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरात लांब केस धुणे हाच मोठा खर्च ठरतो, आणि पार्लरमध्ये ब्लो ड्रायच्या आधी केस धुण्यासाठी लागणारे पाणीही त्याच गावच्या साठ्यातून येते. विंधन विहिरींचे पाणी पुष्कळदा दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे साबणाची वडी नीट फेसाळत नाही आणि केसांवर चिकट थर राहतो. असे केस कसेही वाळवले तरी राठच दिसतात. शिकेकाई व रिठ्यातील फेस देणारी द्रव्ये (सॅपोनिने) असा थर सोडत नाहीत. शाम्पूचेही तसेच आहे.

घरची रीत

मराठीत 'न्हाणे' हे क्रियापद विशेषतः डोक्यावरून केलेल्या स्नानासाठी वापरले जाते, यावरून या कामाचे वेगळेपण ध्यानात यावे. प्राचीन प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण हे मराठवाड्यातीलच. तेथील सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीतही न्हाऊन आलेल्या स्त्रीच्या ओल्या केसांचे वर्णन आढळते. जुन्या घरांतून केसांभोवती पंचा गुंडाळून पाणी टिपणे, ओसरीवर पाठ उन्हाकडे करून बसणे, टोकाला सैल गाठ मारून ठेवणे आणि पुरते वाळल्यावरच विंचरून वेणी वा अंबाडा घालणे, असा क्रम असे. बाळंतिणीच्या केसांना धूप-उदाची धुरी देत. तिच्यात सुगंधाबरोबर उबेचाही हेतू होता. ओल्या केसांना फणी लावू नये ही आजीची ताकीद शास्त्रालाही धरून आहे. भिजलेला केस फुगतो, अधिक ताणला जातो आणि सहज तुटतो.

घराबाहेरचे हात

गावगाड्यातील न्हावी हा बलुतेदार पुरुषांचे केस करी. स्त्रियांचे केस घरातच, आई, सासू किंवा जाऊ यांच्या हातून विंचरले जात. काही जातींत न्हाव्याचा वस्तरा स्त्रीपर्यंत पोहोचे तो ती विधवा झाल्यावर, केशवपनासाठी. १८९० साली सत्यशोधक कार्यकर्ते व 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. स्त्रीचे केस परक्या हातांत सोपवण्याच्या महाराष्ट्रातील इतिहासाला ही दुःखद पार्श्वभूमी आहे. स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेले पार्लर ही त्या मानाने अगदी अलीकडची आणि वेगळीच संस्था होय.

केस वाळवण्याचे यंत्र फ्रान्समध्ये प्रथम तयार झाले. अलेक्झांडर गॉदफ्रॉय याने १८९० च्या सुमारास आपल्या केशकर्तनालयासाठी ते बनवले, पण ते हातात धरता येण्याजोगे नव्हते. हाती धरायची यंत्रे विसाव्या शतकात आली. तरीही स्त्रियांचे केस रोलर लावून मोठ्या टोपाखालीच वाळवले जात. लंडनमधील रोझ इव्हान्स्की यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी हातयंत्र व ब्रश एकत्र वापरून ही रीत बदलली. आजचा ब्लो ड्राय हा त्यांच्याच पद्धतीचा वंशज आहे.

पार्लर आणि घर

पार्लरमधील यंत्रात असे काही नसते की जे घरच्या यंत्रात असू शकत नाही. तेथे ग्राहक मोल देते ते मागच्या बाजूने काम करणाऱ्या दोन मोकळ्या हातांचे. स्वतःच्या डोक्याच्या मागील केसांना सारखा ताण देणे कठीण असते. एका हातात यंत्र व दुसऱ्यात ब्रश धरला की बाहू लवकर दुखू लागतात. लग्नसराईत, जिथे रचना काही तास टिकायला हवी, तिथे पार्लरचा खर्च सार्थ ठरतो. दर आठवड्यास तो करण्याचे कारण मात्र बहुधा केसांत नसून निवांतपणात असते, आणि ते कारणही क्षुल्लक नव्हे. लहान गावांत असे पार्लर बहुधा घराच्याच एका खोलीत चालते आणि चालवणारीचे ते उत्पन्नाचे साधन असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत 'कॉस्मेटॉलॉजी'चा अभ्यासक्रम आहे, तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था पार्लरचे निःशुल्क प्रशिक्षण देतात.

घरी करताना केस आधी पंचाने टिपून बऱ्याच अंशी वाळू द्यावेत आणि ते केवळ ओलसर राहिल्यावर यंत्र सुरू करावे. केसांचे भाग पाडून झोत मुळांकडून टोकांकडे सोडला म्हणजे खवले मिटलेले राहतात व चमक येते. शेवटी थंड हवा द्यावी. केस निवाल्यावरच आकार पक्का होतो. १००० वॅटचे यंत्र पाव तास चालवल्यास पाव युनिट वीज लागते. विजेचा दाब कमी असल्यास झोत मंदावतो. मागील जाळीत केस व धूळ अडकली असेल तर यंत्र फाजील तापते.

अपाय

उष्णतेने केस खराब होतात ही समजूत अर्धीच खरी आहे. २०११ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी केसांचे झुपके तीस वेळा धुऊन निरनिराळ्या रीतीने वाळवले. यंत्र जितके जवळ धरले तितकी पृष्ठभागाची हानी वाढली: १५ सेंटिमीटरवर तापमान ४७ अंश सेल्सियस, तर ५ सेंटिमीटरवर ९५ अंश भरले. परंतु खवल्यांना जोडणाऱ्या आतील थराची हानी केवळ आपोआप वाळू दिलेल्या केसांत आढळली. पाण्याशी दीर्घकाळ राहिलेला संपर्क हे तिचे संभाव्य कारण मानले गेले. १५ सेंटिमीटर अंतरावरून झोत सतत हलवत ठेवणे हा त्यांचा निष्कर्ष होता. हा प्रयोग कापलेल्या केसांवरचा आहे, आणि टेंभुर्णीच्या वैशाखी उन्हात केस इतका वेळ ओले राहत नाहीत, हे लक्षात घ्यावे.

ओल्या केसांवर तापलेली इस्त्री (स्ट्रेटनर) फिरवणे सर्वांत घातक. आतील पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात व तो तेथेच मोडतो. पार्लरमध्ये केस धुताना मान बेसिनच्या कडेवर फार मागे झुकवल्याने मानेतील रक्तवाहिनीस इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे १९९३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. ती विरळ असली तरी मानेखाली घडी केलेला टॉवेल मागून घ्यावा, आणि चक्कर आल्यासारखे वाटल्यास लगेच उठून बसावे.